बीम नसलेला स्लॅब आणि भूकंप : उपनगरातल्या इमारतीत खांबाच्या डोक्यापाशी काय घडतं?

अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे मुंबई उपनगर जिल्ह्याचे तीन तालुके. घाटकोपर आणि मुलुंड हे कुर्ला तालुक्यात येतात. १ ऑक्टोबर १९९० रोजी हा जिल्हा मुंबई शहरापासून वेगळा झाला. दप्तरी तालुके असले तरी इथं पीकपाणी नावालाच, उभे आहेत ते टॉवर. पण ग्रामीण भागाचा या तीन तालुक्यांशी संबंध फार जवळचा आहे. पाटण, जावळीपासून कोकणापर्यंत अनेक घरांतलं एखादं तरी माणूस घाटकोपरला, मुलुंडला नाहीतर बोरिवलीला राहतं. कुणी गावाकडचं रान विकून फ्लॅट घेतलाय, तर कुणाची जुनी चाळ आता पुनर्विकासात गेलीय.

फ्लॅट बघायला गेल्यावर कार्पेट किती, पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती लांब, हे सगळं विचारलं जातं. खालच्या पार्किंगमध्ये उभं राहून वर बघितलं जात नाही. बघितलं तर बऱ्याच नव्या इमारतींत एक गोष्ट दिसेल. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाणारा बीमच तिथं नसतो. छत सरळ, सपाट असतं आणि ते थेट खांबांवर टेकलेलं असतं. याला बांधकामात फ्लॅट स्लॅब म्हणतात. रोजच्या वापराला तो चांगला आहे. मात्र भूकंपाच्या वेळी स्लॅब आणि खांब जिथं भेटतात ती जागा इमारतीतली सगळ्यात नाजूक जागा ठरू शकते.

बीम गेला कुठं?

गावाकडच्या आरसीसी घरात भार कसा उतरतो हे बहुतेकांनी बघितलेलं असतं. स्लॅबचं वजन बीमवर, बीमचं पिलरवर, पिलरचं फुटिंगवर. जुन्या माळवदाच्या घरातही हीच रीत होती, फक्त बीमच्या जागी तुळई आणि पिलरच्या जागी लाकडी खांब. फ्लॅट स्लॅबमध्ये मधली तुळईच काढून टाकलेली असते.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत सी. ए. पी. टर्नर या इंजिनिअरने १९०६ च्या सुमारास आणि स्वित्झर्लंडमध्ये रॉबर्ट मायार याने त्यानंतर लगेच असे मजले बांधले. त्या काळात खांबाचं डोकं अळंबीसारखं फुगवलेलं असायचं, म्हणजे स्लॅबला टेकायला जास्त जागा मिळायची. त्याला कॅपिटल म्हणतात. काही ठिकाणी खांबाभोवतीचा स्लॅबचा चौकोन जाड करतात, त्याला ड्रॉप म्हणतात. हल्ली दिसायला बरं आणि सेंट्रिंगला सोपं म्हणून अनेक ठिकाणी दोन्ही काढून टाकतात.

बिल्डरला यात फायदा आहे. दीड-दोन फुटांचा बीम गेला की मजल्याची उंची तेवढी वाचते. सेंट्रिंग सपाट लागतं, काम लवकर उरकतं. एसीचे डक्ट, पाण्याचे आणि फायरचे पाइप आडवे नेताना बीमचा अडथळा येत नाही. म्हणून अंधेरीसारख्या भागातल्या आयटी आणि ऑफिसच्या इमारती, मॉल, तळघरं आणि पोडियम पार्किंगमध्ये फ्लॅट स्लॅब भरपूर वापरला जातो. राहत्या टॉवरचे वरचे मजले पुष्कळदा काँक्रीटच्या भिंतींवर किंवा बीमवर असतात आणि फ्लॅट स्लॅब असतो तो खालच्या पार्किंगला. त्यामुळे 'आमच्या घरात बीम आहेत' एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

ताडपत्रीतून वर आलेला खांब

पावसाळ्यात मांडव घातला आणि ताडपत्रीवर पाणी साचलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ताडपत्री मध्येच फाटत नाही. खांबाच्या टोकापाशी फाटते आणि खांब आरपार वर येतो. फ्लॅट स्लॅबचंही तसंच आहे. वजन जास्त झालं किंवा स्लॅब कमजोर पडला तर खांबाभोवतीचं काँक्रीट गोलाकार चिरतं आणि अख्खा स्लॅब खांबाला तिथंच सोडून खाली सरकतो. इंजिनिअर याला पंचिंग म्हणतात.

आकड्यांत बघू. खांब आठ-आठ मीटरवर आहेत असं धरलं तर एका खांबाच्या वाट्याला ६४ चौरस मीटर स्लॅब येतो. नऊ इंची स्लॅबचं स्वतःचं वजन, वरची लादी, प्लास्टर, माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला टनभर भार सहज होतो. म्हणजे एका मजल्याचे ६४ टन एका खांबाच्या डोक्याशी गोळा होतात. खांब दोन फुटी चौकोनी असेल तर हा सगळा भार खांबाभोवतीच्या सव्वातीन मीटरांहून कमी लांबीच्या परिघातून जातो. एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि भारतीय संहितेचं सूत्र धरलं तर या परिघाची ताकद ८४ टनांच्या आसपास निघते. संहितेप्रमाणे दीडपट भार धरायचा असतो, म्हणजे मागणी ९६ टनांची. नुसता सपाट स्लॅब इथंच कमी पडतो. ड्रॉप तरी द्यावा लागतो, स्लॅब जाड करावा लागतो, नाहीतर खांबाभोवती पंचिंगसाठी जादा लोखंड घालावं लागतं. आणि या हिशेबात भूकंप अजून आलेलाच नाही.

बीमचं घर मोडायला लागलं की बहुधा कळतं. बीम वाकतो, तडे रुंद होतात, दारं अडकायला लागतात. पंचिंगमध्ये असा इशारा फार कमी मिळतो. खांबाभोवतीचे तडे सहसा स्लॅबच्या वरच्या बाजूने सुरू होतात. तिथं लादी असते नाहीतर माती असते. खालून बघणाऱ्याला रंग दिलेलं सपाट छतच दिसत राहतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. एका खांबापाशी स्लॅब सुटला की त्याचा भार शेजारच्या खांबांवर जातो. तेही आधीच काठावर असतील तर तेही सुटतात. वरचा मजला खालच्या मजल्यावर पडतो, खालच्याला दोन मजल्यांचा भार पेलवत नाही आणि भाकऱ्यांची चवड लागावी तसे मजले एकावर एक बसतात. आत माणसाला जगायला पोकळी उरत नाही.

खुंट हलवून काढतात तसं

जमिनीत रुतलेला खुंट काढायचा तर कुणी तो सरळ वर ओढत नाही. इकडून तिकडे हलवतात. दर हेलकाव्याला एका बाजूची माती दबते, दुसऱ्या बाजूची सैल होते आणि थोड्या वेळात खुंट हातात येतो. भूकंपात खांबाचं डोकं स्लॅबमध्ये असंच हलतं.

जमीन आडवी हलते तेव्हा इमारत डोलते. मजले एकमेकांच्या पुढे-मागे सरकतात आणि खांब कलतात. स्लॅब खांबाला घट्ट जोडलेला असल्यामुळे त्यालाही मुरड बसते. खांबाच्या एका बाजूला आधीच्या वजनात ही मुरड मिळते आणि तिथला ताण एकदम वाढतो, समोरच्या बाजूचा कमी होतो. पुढच्या हेलकाव्याला बाजू बदलते. असं काही सेकंदांत अनेकदा होतं. दर फेरीत तडे थोडे उघडतात आणि काँक्रीटची धरून ठेवायची ताकद घटते. शेवटी भूकंपाचा जोर ओसरला तरी नुसत्या वजनानेच स्लॅब खाली येऊ शकतो.

म्हणून दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. पहिली, इमारत किती डोलते. दुसरी, भूकंप येण्याआधीच त्या जोडावर वजनाचा किती ताण होता. अमेरिकेत बर्कले विद्यापीठात पॅन आणि मोली यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांतून हा संबंध स्पष्ट झाला. जोडाच्या पंचिंग ताकदीपैकी साधारण ४० टक्क्यांहून जास्त ताकद नुसतं वजन पेलण्यातच खर्च होत असेल तर मजल्याच्या उंचीच्या दीड टक्का डोलणंही त्याला झेपेल याची खात्री राहत नाही. तीन मीटरच्या मजल्याला दीड टक्का म्हणजे साडेचार सेंटीमीटर. चार बोटं देखील पुरी भरत नाहीत.

मेक्सिको, लॉस एंजेलिस, सोल

१९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ ८ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. तरी शहराच्या मधल्या भागात बहुमजली इमारती धडाधड पडल्या, कारण तो भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला आहे. गाळाने हादरे मोठे केले आणि लांबवले. पडलेल्यांत बीम नसलेल्या, खालून चौकटी-चौकटीचा दिसणारा स्लॅब असलेल्या इमारती डझनांनी होत्या. त्या इतक्या डोलल्या की कुठे खांब मोडले, कुठे स्लॅब खांबातून सुटला.

१७ जानेवारी १९९४ ला पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ तीव्रतेचा धक्का बसला. तिथल्या बुलॉक्स या तीन मजली दुकानाचे स्लॅब खाली आले आणि खांब बरेचसे उभेच राहिले. पंचिंग म्हणजे काय हे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही. वेळ साडेचारची होती म्हणून दुकान रिकामं होतं. तोच धक्का दुपारी बसला असता तर काय झालं असतं, याची नुसती कल्पना केलेली बरी.

तिसरं उदाहरण भूकंपाचं नाही, पण उपनगरातल्या माणसाने तेच सगळ्यात नीट वाचावं. दक्षिण कोरियात सोल शहरातलं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ ला संध्याकाळी कोसळलं. ५०२ माणसं गेली. इमारत फ्लॅट स्लॅबची होती. खांब ठरल्यापेक्षा बारीक केले होते. पाचव्या मजल्याचा मूळ उपयोग बदलून तिथं उपाहारगृहं आणली, त्यांची जड फरशी आली. गच्चीवरची एसीची अजस्र यंत्रं क्रेनने न उचलता स्लॅबवरून ओढत दुसरीकडे नेली. त्या दिवशी सकाळी पाचव्या मजल्यावर खांबाभोवती तडे दिसले होते. वरचा मजला बंद केला, दुकान मात्र चालू ठेवलं.

इंग्लंडमध्ये वुल्वरहॅम्प्टन इथं १९९७ मध्ये एका पार्किंगच्या इमारतीचा वरचा स्लॅब असाच पंचिंगने पडला. ती १९६५ ची इमारत. तिथं कारण वेगळं होतं. वर्षानुवर्षं पाणी मुरून खांबाजवळचं काँक्रीट खराब झालं होतं आणि वरवरच्या दुरुस्तीने ते झाकलं गेलं. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात गळणारी पार्किंगची छतं आठवली तर हे उदाहरण लांबचं वाटणार नाही.

मुंबईला धोका किती?

घाबरवून सोडण्यात अर्थ नाही. मुंबई हिमालयाच्या पायथ्याशी नाही. भारतीय मानक संहिता आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई झोन ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात. झोन २ सगळ्यात कमी आणि झोन ५ सगळ्यात जास्त.

पण मध्यम म्हणजे नगण्य नव्हे, हे महाराष्ट्राला दोनदा कळलंय. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला. पाटण तालुक्यात त्या पहाटेची आठवण सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. १८० च्या आसपास माणसं दगावली. तिथून २०० किलोमीटरवरच्या मुंबईतही लोक जागे होऊन घराबाहेर आले होते. दुसरा ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा. त्या वेळच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. दगड-मातीची जाड भिंतींची घरं माणसांवर पडली. नंतर नकाशाच बदलावा लागला आणि झोन १ रद्द झाला. अलीकडे नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी भागात छोट्या धक्क्यांची मालिका लागली होती, तीही मुंबईच्या उत्तरेला फार लांब नाही.

उपनगरासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र गुजरातचं आहे. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब आणि अहमदाबादही झोन ३ मध्येच, म्हणजे मुंबईच्याच पट्ट्यात. तरीही तिथल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसं गेली. त्या इमारती बहुतांश फ्लॅट स्लॅबच्या नव्हत्या. बीम आणि कॉलमच्याच होत्या, पण तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला, तिथं भिंती नाहीत, लोखंडाच्या रिंगा लांब-लांब. वरचे मजले भिंतींमुळे कडक आणि खालचा मजला लवचीक, त्यामुळे सगळं डोलणं त्या एका मजल्यात गोळा झालं. आता बोरिवली किंवा मुलुंडच्या टॉवरखाली पार्किंगचे दोन-चार मजले आणि त्यांना फ्लॅट स्लॅब, अशी रचना असेल तर डोलणं जिथं गोळा व्हायचं तिथंच नाजूक जोड येतो. इंजिनिअरने हे आधी ओळखून भिंती दिल्या असतील तर हरकत नाही. दिल्या नसतील तर अडचण आहे.

जमिनीचाही वाटा आहे. उपनगरात दोन तऱ्हेची जमीन. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघितला की खालचा काळा पाषाण किती भक्कम आहे ते कळतं. घाटकोपर पश्चिमेच्या टेकड्या, पवईचा भाग तसाच. पण घाटकोपर आणि मुलुंडचा पूर्वेकडचा खाडीकाठ, बोरिवलीचा गोराई खाडीकडचा भाग, अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याच्या बाजूची पूर्वीची दलदल, इथं खडकावर चिखलाचा नाहीतर भरावाचा थर आहे. चिखलातला हादरा खडकातल्यापेक्षा मोठा आणि लांबट होतो. पाइल खडकापर्यंत नेले म्हणून इमारत खचणार नाही, पण जमिनीतून वर येणारा हादरा त्याने थांबत नाही. एकाच स्टेशनच्या दोन बाजूंच्या इमारतींना म्हणूनच वेगवेगळा भूकंप सोसावा लागू शकतो.

संहिता काय म्हणते?

फ्लॅट स्लॅबला भारतात बंदी नाही. आयएस ४५६ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कलम आहे. भूकंपाच्या बाबतीत आयएस १८९३ (२०१६) चं म्हणणं थोडक्यात असं, की आडवा जोर पेलायचं काम फ्लॅट स्लॅब आणि खांबांवर सोपवू नका. ते काम शियर वॉलने, म्हणजे लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतींनी करायचं. भूकंपाचा ठरलेला सगळा, शंभर टक्के आडवा जोर या भिंतींना झेपला पाहिजे. शिवाय इमारतीच्या बाहेरच्या कडेने बीम-कॉलमची मजबूत चौकट हवी आणि ती एकटी असली तरी २५ टक्के जोर घेईल अशी हवी. पंचिंग होता कामा नये. आणि ठरलेल्या जोराखाली गच्चीपाशी इमारतीचं सरकणं उंचीच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको. तीस मीटर उंच इमारतीला हे सरकणं फक्त तीन सेंटीमीटर भरतं. अट कडक आहे, कारण इमारत डोललीच नाही तर जोडावर वेळ येणार नाही, हा त्यामागचा विचार.

ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. फ्लॅट स्लॅब असणं हा दोष नव्हे. फ्लॅट स्लॅब आहे आणि भिंती पुरेशा नाहीत, किंवा सगळ्या भिंती इमारतीच्या एकाच कोपऱ्यात आहेत, तर मात्र प्रश्न विचारला पाहिजे. एका कोपऱ्यात भिंती असल्या की इमारत सरळ न डोलता पिळली जाते आणि लांबच्या टोकाचे खांब सगळ्यात जास्त हलतात.

लोखंडाच्या कामाची भूकंपासाठीची स्वतंत्र संहिता आयएस १३९२० पहिल्यांदा आली १९९३ ला, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी. त्यामुळे त्याआधीच्या इमारतींत रिंगांचं अंतर, वाकडे केलेले हूक या गोष्टी आजच्या नियमासारख्या सापडण्याची शक्यता कमी.

आणखी एक बारकी गोष्ट आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. स्लॅबच्या खालच्या थरातल्या सळया खांबाच्या आतून आरपार गेल्या पाहिजेत, दोन्ही दिशांना निदान दोन-दोन. पंचिंग झालंच तर वरच्या सळया काँक्रीटचं कव्हर सोलत उपटून निघतात, खालच्या मात्र झोळीसारख्या लोंबून स्लॅब खांबाला टांगून ठेवतात. मजला वाकडा होतो, पण खाली पडत नाही. माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. अमेरिकेच्या काँक्रीट संहितेत १९८९ पासून ही अट आहे. साइटवर मात्र खांबात आधीच सळयांची गर्दी असते, तिथं खालची सळई घालणं फिटरला अवघड जातं आणि तो ती खांबाच्या तोंडाशी थांबवतो. संध्याकाळी काँक्रीट पडलं की ही चूक कायमची झाकली गेली.

पंचिंगसाठी जादा लोखंड म्हणून रिंगा किंवा डोकं असलेले स्टड पट्टीवर वेल्ड करून खांबाभोवती चांदणीसारखे बसवतात. जोड एकदम तुटण्याऐवजी हळूहळू सैल होतो, हा त्यांचा उपयोग.

राहत्या इमारतीत लोक काय करतात

जोड कितीही चांगला बांधला तरी नंतर त्याची ताकद कमी करण्याचं काम रहिवासीच करतात, हे कटू असलं तरी खरं आहे.

पोडियमच्या छतावर बाग करायची टूम आहे. शेतकऱ्याला ओल्या मातीचं वजन सांगायला नको, ट्रॉली भरताना ते कळतंच. एक फूट ओली माती म्हणजे चौरस मीटरला अर्ध्या टनाहून जास्त. वरच्याच उदाहरणातल्या खांबावर ३० टनांपेक्षा जास्त भार नुसत्या मातीने वाढतो. मूळ हिशेबात बाग धरली असेल तर चालेल. नंतर कमिटीने हौसेने टाकलेली माती, पाण्याची जादा टाकी, लादीवर लादी ही सगळी जोडाची भूकंपासाठी राखलेली ताकद आधीच खाऊन टाकतात.

दुसरा प्रकार भोकं पाडण्याचा. ड्रेनेजचा पाइप बदलायचा म्हणून प्लंबर कोअर मशीन लावतो आणि खांबाला चिकटून भोक पाडतो, कारण पाइप तिथं दिसत नाही. आठवून बघा, सगळा भार त्या सव्वातीन मीटरांच्या परिघातूनच जातो. त्यातला फूटभर तुकडा कापला तर तेवढी ताकद गेली. स्लॅब पोस्ट टेन्शनचा असेल, म्हणजे आत ताणलेल्या केबल असतील, तर केबल तुटून अपघात होण्याचीही भीती असते.

तिसरा प्रकार घाटकोपरने भोगलाय. २५ जुलै २०१७ ला एलबीएस मार्गावरच्या दामोदर पार्क भागातली साईसिद्धी ही चार मजली इमारत सकाळी कोसळली. १७ जणांचा जीव गेला. तिथं भूकंप नव्हता आणि फ्लॅट स्लॅबचाही विषय नव्हता. तळमजल्यावर दुरुस्तीचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. जमीन न हलताही हे घडू शकतं. हलल्यावर कमजोर केलेल्या खांबाकडून काय अपेक्षा ठेवायची?

ऑडिट आणि त्यातली उणीव

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ बी प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. निकाल सी १ ते सी ३ अशा श्रेणीत येतो. सी १ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत, सी २ ए आणि सी २ बी म्हणजे मोठी दुरुस्ती, सी ३ म्हणजे किरकोळ. घाटकोपरसाठी एन, मुलुंडसाठी टी, बोरिवलीसाठी आर मध्य असे पालिकेचे विभाग आहेत, तिथं हे कागद जातात.

उणीव अशी, की नेहमीच्या ऑडिटमध्ये बघतात ते गंज, गळती आणि काँक्रीटची आजची ताकद. हातोडी चाचणी होते, ध्वनिलहरींची चाचणी होते, एखादा कोअर काढतात. ही इमारत भूकंपात कशी वागेल, हा हिशेब त्यात सहसा नसतो. त्यासाठी आयएस १५९८८ ही २०१३ ची वेगळी संहिता आहे. सोसायटीने ऑडिटरला काम देतानाच पत्रात तिचा उल्लेख केला तर तो हिशेब मागता येतो. खर्च वाढतो, पण फ्लॅट स्लॅब असलेल्या इमारतीत त्याशिवाय ऑडिट अर्धवटच राहतं.

दुरुस्ती अशक्य नाही. खांबाच्या डोक्याशी खालून काँक्रीटचा किंवा लोखंडी पट्ट्यांचा कॉलर बसवून टेकण्याची जागा वाढवता येते. स्लॅबमध्ये आरपार बोल्ट घालता येतात. मोकळ्या पार्किंगमध्ये दोन-चार गाड्यांची जागा सोडून नव्या काँक्रीटच्या भिंती उभ्या करता येतात. भूकंपाच्या दृष्टीने हा शेवटचा उपाय सगळ्यात कामाचा, कारण त्याने डोलणंच कमी होतं. पार्किंगची जागा सोडायला सोसायटीच्या सभेत कुणी तयार होत नाही, ती गोष्ट वेगळी.

नवं घर घेणाऱ्याने पार्किंगमध्ये जाऊन आधी वर बघावं. बीम आहेत का, नसतील तर खांबाभोवती जाड चौकोन आहे का. लिफ्टच्या काँक्रीटच्या भिंती तळघरापासून गच्चीपर्यंत सलग जातात का, की पार्किंगसाठी खाली तोडल्यात. खांबाजवळ ओल, पांढरे डाग, गंजाचे पट्टे, नव्याने पाडलेली भोकं आहेत का. मग बिल्डरकडे आरसीसी कन्सल्टंटचं नाव आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागावं, आणि ते ओळखीच्या इंजिनिअरला दाखवून एवढंच विचारावं, की भूकंपाचा आडवा जोर कोण घेतंय, भिंती की खांब?

आता हा बिनबीमचा स्लॅब तालुक्याच्या गावांतही येतोय. मंगल कार्यालयाचा मोठा हॉल, दवाखान्याची इमारत, बाजारपेठेतलं दुकानांचं संकुल, सगळ्यांना सपाट छत हवं असतं. कोयनेच्या आसपासचा भाग तर झोन ४ मध्ये आहे, म्हणजे अंधेरी-बोरिवलीपेक्षा एक पायरी वर. तिथं असं काम चालू असेल तर काँक्रीट टाकायच्या आदल्या दिवशी इंजिनिअरला सेंट्रिंगवर चढवून खांबातून आरपार गेलेल्या खालच्या सळया मोजून घ्याव्यात आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. स्लॅब पडल्यावर त्या सळया शोधायला स्कॅनर लागतो, आणि तो तालुक्याला सहसा मिळत नाही.